टेकाड आधी की कट्टा? खाडीकाठच्या विसाव्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात कोलशेतच्या बाजूला, उल्हास नदीच्या काठी, तिवरांच्या मागे साधारण सव्वा एकर सार्वजनिक जागा मोकळी पडली आहे. आसपासच्या सोसायट्या मिळून महापालिकेला प्रस्ताव देणार आहेत. एक आराखडा तयारच आहे: मधोमध कारंजं, फायबरचे फ्लेमिंगो आणि शहराच्या नावाची माणसाएवढी अक्षरं. तुमच्यातल्या काहींनी मात्र परदेशातली, मातीच शिल्पासारखी घडवलेली मैदानं पाहिली आहेत. तुम्ही विचारता, "तसं आपल्याकडे जमेल का, की पहिल्या पावसात वाहून जाईल? आणि लोक तिथे खरंच बसतील का?"

जमेल. वाहून जाण्याची भीती खरी आहे, पण तिच्यावर इलाज आहेत. लोक बसतील का, हा त्याहून अवघड प्रश्न आहे आणि माझं बरंचसं उत्तर त्यावरच आहे. २८ वर्षं अशाच जागा आखायचं काम करते आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी जागा समजून घ्या. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास कर्जत, बदलापूर, कल्याण करत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास येते आणि ठाण्याजवळ दुभंगते. मोठा प्रवाह घोडबंदरवरून वसईकडे जातो, एक बारीक फाटा ठाणे खाडीला मिळतो. तुमच्याकडे तिला कुणी नदी म्हणत नाही, खाडी म्हणतात, आणि ते बरोबरच आहे, कारण तिथलं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. उधाणाला ही चढउतार चार-साडेचार मीटरच्या घरात असते. बदलापूरला बसलेला माणूस वाहतं पाणी बघतो, तुमच्याकडचा माणूस भरती-ओहोटी बघतो. ओहोटीला त्याच्या पुढ्यात निव्वळ चिखल असतो. तो चिखलही बघण्यासारखा असतो, पण त्याच्याकडे तोंड करून कुणाला तरी बसवावं लागतं.

दुसरी गोष्ट तिवरं. खारफुटी आणि तिच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा, इथे काहीही करायचं नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत ते स्पष्ट आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने राज्यभर खारफुटीच्या तोडीला पायबंद घातला आहे. म्हणजे तुमची बसायची जागा तिवरांपासून निदान पन्नास मीटर मागे, आणि पाणी तिवरांच्या भिंतीपलीकडे. सपाट जमिनीवर कितीही देखणा बाक ठेवलात तरी त्यावरून दिसणार फक्त झाडी. नदीकाठी येऊन नदीच दिसत नाही, ही अशा सगळ्या उद्यानांची गोची आहे. मग कुणीतरी "तिवरं थोडी छाटू या" असं सुचवतं आणि प्रकरण भलतीकडे जातं.

म्हणून तुमच्या जागेला टेकाड हवं, आणि ते हवं डोळे वर उचलायला. परदेशात असे उंचवटे बऱ्याचदा आकारासाठीच केलेले असतात. तुमच्याकडे त्याला काम आहे. मी एकच कसोटी लावते: जमिनीच्या प्रत्येक चढाला आणि खोलगटीला काम सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो आकार मी पुसते.

आकडे घेऊ. अडीच मीटर उंच टेकाड, माथ्यावर ६ मीटर व्यासाची सपाटी, उतार चारास एक, म्हणजे चार मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ. त्याचा पाया २६ मीटर व्यासाचा होतो आणि माती लागते सुमारे ५७० घनमीटर, म्हणजे दोनशे ब्रास. माथ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून पावणेचार मीटरवर जातो. तुमच्या तिवरांचे शेंडे या उंचीच्या बरेच खाली असतील तर पलीकडचं पाणी दिसू लागेल, त्याहून वर असतील तर नाही. हे कागदावर ठरवायचं नाही. कसं तपासायचं ते शेवटी सांगते.

चारास एकच उतार का? तीनास एकपेक्षा चढ उभा झाला की गवत कापायचं मशीन घसरतं आणि माळी तिकडे फिरकत नाही. चारास एकवर पोरं लोळतात, मोठी माणसं रेलून बसतात, आणि पावसाचं पाणी माती ओरबाडण्याइतकं सुसाट सुटत नाही. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी टेकाडाला वेढा घालत जाणारी वाट, बारास एकच्या उताराने. अडीच मीटर चढायला तशी वाट तीस मीटर लांब होते, शिवाय मध्ये थांबे. नकाशात ही वाट शंखावरच्या वेढ्यासारखी दिसते. लोक विचारतात, कल्पना कुठून सुचली? व्हीलचेअरवरून सुचली.

आता दोनशे ब्रास माती आणायची कुठून? बाहेरून आणू नका. खाडीकाठी बाहेरचा भराव म्हटलं की परवानगीच्या फायलीत वेगळीच उत्तरं द्यावी लागतात, आणि ते योग्यच आहे. आपल्या खाड्या भराव टाकूनच बुजल्या आहेत. माती त्याच जागेतून काढा. टेकाडाच्या शेजारी ६०० चौरस मीटरची, मीटरभर खोल, पसरट बशी खणा. खोदाई आणि भराई जवळजवळ सारखी येते. आणि बशीलाही काम आहे. पावसाळ्यात भरतीच्या वेळी ताशी १०० मिलिमीटरची सर कोसळली तर सव्वा एकरावर सुमारे ५०० घनमीटर पाणी पडतं, आणि भरती असल्यामुळे ते खाडीत जाऊ शकत नाही. ते बशीत थांबेल. ओहोटी लागली की झडपेच्या दारातून निघून जाईल.

नवी मुंबईकरांना हे नवीन नाही. सिडकोने ते शहर खाडीलगतच्या सखल जमिनीवर वसवलं तेव्हा धारण तलावांची हीच योजना केली: भरतीला झडप बंद, पाऊस तलावात, ओहोटीला झडप उघडी, पाणी खाडीत. वाशीच्या मिनी सीशोरला संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्या कितीजणांना माहीत असेल की शेजारचं पाणी शोभेसाठी साठवलेलं नाही, ती शहराची गटारव्यवस्था आहे? डासांची काळजी करू नका, फक्त बशीचा तळ झडपेकडे उतरता ठेवा आणि पाणी दोन दिवसांच्या वर राहू देऊ नका. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. उरलेले आठ महिने ती कोरडी बशी पोरांचं क्रिकेट खेळायचं मैदान.

मातीच्या शिल्पाने पावसाचं पाणी अडवणं हे जगातही झालेलं आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या केंट गावी हर्बर्ट बायर या कलावंताने १९८२ मध्ये मिल क्रीक कॅन्यनमध्ये मातीची वर्तुळं, शंकू आणि बांध रचले. दिसायला ते निव्वळ शिल्प, प्रत्यक्षात पूर रोखणारा तलाव. गावाला पुराचा प्रश्न सोडवायचा होता, कलावंताने त्याच कामातून बाग दिली. तुमच्या प्रस्तावाला दाखला द्यायचा तर हा द्या. पाण्याच्या निचऱ्याची भाषा अभियंत्यांना पटते.

दुसरा दाखला शिल्पकार इसामू नोगुचीचा. लोक त्याचं नाव फर्निचरवाला म्हणून घेतात. त्याने १९३३ मध्ये न्यूयॉर्कसाठी खेळाचा डोंगर कल्पिला होता, तिथल्या उद्यान खात्याने तो उडवून लावला. तो उभा राहिला जपानमध्ये, साप्पोरोच्या मोएरेनुमा उद्यानात, आधी शहराचा कचरा टाकायच्या जागेवर. आराखडा १९८८ चा, त्याच वर्षाच्या शेवटी नोगुची गेला, आणि उद्यान पूर्ण खुलं झालं २००५ मध्ये. तिथला खेळाचा डोंगर ३० मीटर उंच आहे. तुम्ही ३० मीटरचा विचारही करू नका. तुमच्या जमिनीखाली काय आहे ते बघा.

इथे माझी एक चूक सांगते. वीसेक वर्षांपूर्वी एका नदीकाठी मी दोन टेकाडं केली आणि त्यांच्या खांद्यावर काँक्रीटचे लांब वळणदार कट्टे. उद्घाटनाची तारीख ठरलेली, त्यामुळे माती टाकल्यावर तिसऱ्या आठवड्यात काँक्रीट ओतलं. पहिल्या पावसाळ्यात टेकाड हातभर खचलं, कट्ट्याचे तीन तुकडे झाले आणि एक तुकडा पुढे कलला. कॉन्ट्रॅक्टरने मला दोष दिला, मी मुकादमाला. खरा दोष घाईचा होता, आणि ती घाई मी मान्य केली होती.

खाडीकाठी हे दुप्पट लागू आहे. खाली खाडीचा काळा, लोण्यासारखा चिखल असतो. अडीच मीटर मातीचं ओझं म्हणजे दर चौरस मीटरला साडेचार टन. त्या ओझ्याने चिखलातलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि वरचं सगळं वर्षानुवर्षं बसत राहतं. म्हणून क्रम असा: आधी दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे आणि माती परीक्षण. वरचा मीटरभर मुरूम किंवा जुना भराव निघाला तर तो टेकाडात वापरा. चिखल निघाला तर तो टेकाडात भरू नका, आणि टेकाडाची उंची निमूटपणे कमी करा. माती वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या थरांनी टाकायची आणि प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा. डंपर वर नेऊन एकदम ओतायची नाही. मग हरळी लावून एक अख्खा पावसाळा त्याला तसंच सोडायचं. दगडकाम दिवाळीनंतर. नगरसेवकांना हे पटवणं हा या प्रकल्पातला सर्वात कठीण भाग. मी सांगते की टेकाडाचं उद्घाटन जूनमध्ये करा आणि कट्ट्याचं पुढच्या जानेवारीत, दोनदा फीत कापायला मिळेल. हे चालून जातं.

हरळीच, महागडं कार्पेट लॉन नको. हरळी खारं वारं सोसते, उन्हाळ्यात पिवळी पडते आणि पहिल्या सरीला पुन्हा हिरवी होते. ती मूळ धरेपर्यंत उतारावर काथ्याची जाळी अंथरा, नाहीतर तुमची भीती खरी ठरेल. इकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाणी जिथून घळीसारखं उतरेल तिथे वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, खिळे ठोकल्यासारखी.

आता बसायचं. ठाण्याच्या तलावाकाठी, तळावपाळीवर, संध्याकाळी सात वाजता जा आणि लोक कुठे बसतात ते पाहा. बाकांवर बसतातच, पण कठड्यावर, पायऱ्यांवर, झाडाभोवतीच्या कडेवरही बसतात, आणि बहुतेकांना पाठीशी काहीतरी हवं असतं. उघड्या मैदानाच्या मधोमध ठेवलेला बाक कितीही सुंदर असू दे, तिथे फक्त पत्रिका वाटणारा बसतो. टेकाडाचा दुसरा उपयोग हाच, की ते पाठ देतं.

कट्ट्याच्या वळणाकडे विशेष लक्ष द्या. वळणाच्या आतल्या बाजूला बसलेली माणसं एकमेकांकडे तोंड करतात, तिथे गप्पा होतात. बाहेरच्या बाजूला बसलेली एकमेकांपासून तोंड फिरवून बसतात, तिथे अनोळखी माणसं संकोच न करता शेजारी-शेजारी बसू शकतात. गावातला पार हे बाहेरच्या वळणाचं उत्तम उदाहरण: सगळ्यांच्या पाठी खोडाला आणि तोंडं चार दिशांना, तरीही सगळे एकत्र. सापासारखा नागमोडी कट्टा केलात तर दोन्ही प्रकार आलटून पालटून मिळतात. आतल्या वळणाची त्रिज्या दोन-अडीच मीटर ठेवा. पाच-सहा मीटर केली की समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं आणि मग कुणी बोलत नाही. म्हणजे तो शिल्पासारखा दिसणारा आकारसुद्धा नीट पाहिलं तर गप्पांच्या अंतराने घडवलेला असतो.

रुमानियात तर्गु झिऊ गावी, झिऊ नदीच्या काठच्या बागेत शिल्पकार ब्रांकुशीचं मौनाचं मेज आहे, १९३८ चं. गोल दगडी मेज आणि भोवती वाळूच्या घड्याळासारखी बारा दगडी आसनं. २०२४ मध्ये, दिल्लीत भरलेल्या बैठकीत, युनेस्कोने ते आणि त्याच्या सोबतची शिल्पं जागतिक वारशात घेतली. नदीकाठचा विसावा आणि शिल्प यांची सांगड म्हणून त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. पण आसनं मेजापासून इतकी दूर की तिथे डबा उघडून खाता येणार नाही. ते मौनासाठीच आहे, ठीक आहे. ठाण्यात आपण गप्पांसाठी बांधतोय. इथली आसनं सुटी असती तर पहिल्याच रविवारी लोकांनी ती मेजाजवळ ओढली असती.

बैठकीची उंची ४२ ते ४५ सेंटीमीटर. निम्मी आसनं तरी पाठीची करा, आणि काहींना हातही हवेत, कारण गुडघे धरलेल्या आजींना उठताना कशाला तरी धरून उठावं लागतं. घडीव काळा दगड चांगला, पण टाकीने खरखरीत केलेला. पॉलिश ग्रॅनाइट नको. पावसात घसरतो आणि मे महिन्यात चटका देतो. जांभा दिसायला सुरेख आणि थंडही, पण आपल्या पावसात त्यावर शेवाळ धरतं. तो कडेच्या भिंतीला वापरा, पायऱ्यांना नको.

दिशेचा हिशेब कुणी करत नाही. तुमच्याकडे पाणी पूर्वेला आणि येऊरचा डोंगर पश्चिमेला. पाण्याकडे बघणाऱ्याच्या पाठीवर दुपारनंतरचं ऊन येणार. टेकाडाच्या पूर्व उतारावर बसलात तर सूर्य मावळण्याआधीचा तासभर टेकाडच सावली धरेल. चारास एक म्हणजे १४ अंश, सूर्य त्याखाली आला की तो उतार सावलीत जातो. त्याआधीच्या दोन तासांसाठी झाडं हवीत: करंज, उंडी, पारसभेंडी (भाजीची भेंडी नव्हे). तिघंही खारं वारं सोसतात. ती टेकाडाच्या माथ्यावर लावू नका, पश्चिमेच्या पायथ्याशी लावा.

वाऱ्याचं मात्र उलट आहे, आणि परदेशी नमुने उचलणारे इथेच फसतात. थंड मुलुखात उंचवट्यांनी वेढलेली खोलगट जागा माणसाला ऊब देते, म्हणून तिथले लोक तसं करतात. आपल्याकडे मे महिन्यात त्या खोलगटीत बसणं म्हणजे भट्टीत बसणं. आपला संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. एका मोठ्या टेकाडाऐवजी दोन करायची असतील तर मधली खिंड नैर्ऋत्येला उघडी ठेवा आणि मुख्य कट्टा त्या खिंडीच्या तोंडाशी घ्या. बशीत बसायची सोय अजिबात करू नका.

दिवे गुडघ्याच्या खालच्या उंचीचे, प्रकाश जमिनीकडे. तिवरांवर झोत टाकू नका. आणि ते फायबरचे फ्लेमिंगो... खरे रोहित पक्षी काही किलोमीटरवर ठाणे खाडीत उतरतात, २०१५ पासून तिथे त्यांचं अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ती जागा महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. तेवढ्या पैशात एक चांगली दुर्बीण माथ्यावर बसवता येईल.

तुमच्यातल्या एकाने जाता जाता विचारलंय की बदलापूरला त्यांच्या गावी उल्हासकाठी हेच करता येईल का. तिथे हे करू नका. तिथे नदीला भरती नाही, पूर आहे. २६ जुलै २००५ आठवा, किंवा २७ जुलै २०१९, जेव्हा बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. तिथे आधी जलसंपदा विभागाची पूररेषा बघायची: निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बाग, मोकळं मैदान चालतं, पण टेकाड म्हणजे पुराच्या वाटेतला अडथळा, ते पाणी शेजाऱ्याच्या घरात ढकलतं. तिथे आकार वर चढवायचा नाही, खाली उतरवायचा. म्हणजे घाट. वाईचे घाट, महेश्वरचे घाट बघा: शतकानुशतकं पुराखाली जातात, गाळ धुतला की पुन्हा लोक बसतात. आपल्याकडचं जमिनीचं सर्वात मोठं शिल्प तेच आहे. आपण त्याला शिल्प म्हणत नाही, कारण त्यावर कपडे धुतले जातात. तिथे ३० ते ४० सेंटीमीटर चढाच्या रुंद बैठ्या पायऱ्या, त्यांत अधूनमधून १५ सेंटीमीटरच्या चालायच्या पायऱ्या, सगळं दगडात, कुठेही रेलिंग किंवा दिव्याचा खांब नाही. गाळ खराट्याने लोटता आला पाहिजे.

परत कोलशेतकडे. प्रस्ताव लिहायच्या आधी एका रविवारी भरतीची वेळ बघून जागेवर जा. अॅल्युमिनियमची घोडी, मोजपट्टी, चुन्याची पिशवी आणि पाच-सहा बांबू बरोबर न्या. जमिनीवर २६ मीटर व्यासाचं वर्तुळ चुन्याने आखा, मध्यभागी घोडी उभी करा, आणि कुणाला तरी इतकं वर चढवा की डोळे जमिनीपासून पावणेचार मीटरवर येतील. पाणी दिसलं तर तिथे बांबू रोवा. नाही दिसलं तर वर्तुळ दहा मीटर सरकवून पुन्हा बघा. तिवरं सगळीकडे सारख्या उंचीची नसतात, कुठेतरी फट सापडते. तीन-चार जागा करूनही पाणी दिसलं नाही तर टेकाडाचा हट्ट सोडा, बशी आणि नागमोडी कट्टा तेवढा ठेवा, आणि मला फोटो पाठवा. घोडी धरायला दोघं तरी लागतील, खाली जमीन मऊ आहे.